अपील आणि माफी

क्रिकेटमधल्या निवाडा करणाऱ्याला 'पंच' हे नाव देऊन आपल्या भाषेने मोठी गंमत केली आहे. पंच म्हणजे मुळात पाच. गावच्या पारावर पाच जाणती माणसे बसायची, दोन्हीकडचे ऐकून घ्यायची, आणि मग जो निकाल निघेल तो पाचामुखी परमेश्वर म्हणून वादीप्रतिवादींनी मुकाट्याने मानायचा. मैदानावरचा हा पांढऱ्या कोटातला पंच मात्र एकटाच. दुसरा असतो, पण तो दूर, बाजूला. पाच मुखांचा अधिकार एका मुखाकडे आलेला, विचार करायला क्षण दोन क्षण, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे म्हणाल तर एका बाजूने ठोकलेली एक आरोळी, एवढेच! फलंदाजाला बोलायची सोय नाही, गोलंदाजाला आरोळीपलीकडे बोलायची परवानगी नाही. इतक्या तुटपुंज्या सुनावणीवर इतका अंतिम निकाल जगात दुसरीकडे कुठे लागत असेल असे मला वाटत नाही.

अशाच एका निकालाने ज्याच्या आयुष्याला वळण लागले, त्या एका ऑस्ट्रेलियन खेळाडूविषयी मला लिहायचे आहे. त्याचे नाव सेसिल जॉर्ज पेपर. पेपर म्हणजे आपले काळे मिरे. काही माणसांना आडनावे अशी नेमकी चिकटतात की ती पूर्वजांनी धारण केली की नियतीने, असा प्रश्न पडावा. दिवाळीच्या फराळात करंजी-अनारशांच्या जोडीला हा तिखट दाणा कशाला, असे कुणी म्हणेल. पण मी पेशाने मास्तर आहे आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत गोड माणसांपेक्षा तिखट माणसेच मला अधिक शिकवून गेली आहेत.

पेपर जन्मला १९१६ साली, न्यू साऊथ वेल्समधल्या फोर्ब्ज नावाच्या गावी. अंगापिंडाने दणकट. मनगटाने लेगब्रेक टाकायचा आणि हातात बॅट आली की चेंडू दृष्टीआड करायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अगोदर तो आपल्या राज्याकडून शेफील्ड शील्डचे सामने खेळू लागला. ऑस्ट्रेलियात ही राज्याराज्यांची स्पर्धा म्हणजे आपल्या रणजी करंडकाची थोरली बहीण. तिथे चमकला की कसोटीचे दार किलकिले होते. पेपर चमकला, दार किलकिले झाले, आणि नेमके तेव्हाच युद्धाने ते धाडकन लावून घेतले. खेळाडूच्या आयुष्यातली तेवीस ते एकोणतीस ही वर्षे म्हणजे आंब्याच्या झाडाचा वैशाख. ती त्याची सैन्यात गेली.

त्याबद्दल कुणाला दोष द्यायचा? ती एका पिढीचीच गेली. कित्येकांची तर आयुष्येच गेली. १९४५च्या मे महिन्यात, युरोपातले युद्ध थांबून पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा, लॉर्ड्सवर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांचा संघ यांच्यात पहिला विजयोत्सवी सामना झाला. त्या संघात ग्रॅहॅम विल्यम्स नावाचा गोलंदाज होता. तो जर्मनांच्या कैदेत वर्षानुवर्षे काढून नुकताच सुटलेला. अंगावर मांस म्हणून राहिले नव्हते. तो फलंदाजीला पायऱ्या उतरून आला तेव्हा अख्खे लॉर्ड्स उभे राहिले आणि तो खेळपट्टीपर्यंत पोचेतो नुसत्या टाळ्या वाजत राहिल्या. गर्जना नाही, आरोळी नाही, फक्त टाळ्या. अशा सामन्यात हारजितीला काय किंमत, असे आपण म्हणू. पण सामना शेवटच्या षटकात आला, ऑस्ट्रेलियाला घड्याळाच्या काट्याशी शर्यत करून धावा काढायच्या होत्या, आणि त्या काढल्या पेपरने. नाबाद ५४. सहा गडी राखून विजय.

त्याच मोसमाच्या अखेरीस स्कारबरोला त्याने १६८ धावा केल्या. त्यात एक षटकार असा होता की चेंडू मैदानाबाहेरच्या उंच घरांची रांग ओलांडून पलीकडच्या ट्रॅफल्गार चौकात पडला. हा लंडनचा चौक नव्हे, स्कारबरोचाच. पण म्हणून काही घरे बुटकी होत नाहीत. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधले त्याचे शतक ते एवढेच. १९४५च्या हिवाळ्यात हाच संघ घरी परतताना वाटेत हिंदुस्थानात उतरला. लाहोर, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास असा आगगाडीचा प्रवास, पोटाचे विकार, आणि देशात पेटलेले राजकारण. मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर आपल्या संघाविरुद्ध पेपरने ९५ धावा केल्या. ज्यांनी त्या पाहिल्या ते आज हयात असले तर शंभरीच्या घरात असतील. मद्रासला रूसी मोदींनी २०३ धावा केल्या आणि ती अनधिकृत मालिका आपण जिंकली. 'अनधिकृत' हा शब्द लक्षात ठेवा. या कथेत तो पुन्हा येणार आहे.

आता त्या अपिलाकडे येतो. त्यासाठी पेपरच्या गोलंदाजीतली एक खुबी सांगितली पाहिजे. तिला 'फ्लिपर' म्हणतात. चुटकी वाजवताना अंगठा आणि बोट जशी एकमेकांवरून निसटतात, तसा चेंडू हाताच्या खालच्या अंगाने चिमटून सोडायचा. त्याला उलटी फिरकी मिळते. फलंदाजाला वाटते, आखूड पडला, आता उसळेल. तो मागे सरून बॅट उचलतो आणि चेंडू उसळण्याऐवजी जमिनीलगत सळकन घुसतो. क्लॅरी ग्रिमेट या म्हाताऱ्या जादूगाराने ही विद्या शोधली. ती पेपर, डूलंड, क्रिस्टोफानी अशा थोड्यांच्या हाती आली. डूलंडने ती १९५६ साली रिची बेनॉला शिकवली, आणि पुढे ती शेन वॉर्नपर्यंत पोचली. गायकीच्या घराण्यासारखीच ही परंपरा आहे. आणि या चेंडूचे वैशिष्ट्य असे की तो फलंदाजाचा त्रिफळा तरी उडवतो, नाही तर पाय तरी पकडतो. म्हणजे ज्याचे पोट फ्लिपरवर आहे त्याचे निम्मे पोट पंचाच्या बोटावर आहे. यष्टिरक्षकाच्या हातात झेल गेला तर आवाजाचा पुरावा असतो. पायचीतला पुरावा कसला? जे घडलेच नाही त्याचा! पाय मध्ये नसता तर चेंडू यष्ट्यांवर गेला असता, हे 'असता-नसता' पंचाने डोळ्यांपुढे आणायचे असते. खरे सांगायचे तर पायचीत हा क्रिकेटमधला एकमेव कल्पित-साहित्याचा प्रकार आहे.

१९४५च्या डिसेंबरअखेरीस अ‍ॅडलेडला सैनिकांचा संघ साऊथ ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. समोर डोनाल्ड ब्रॅडमन. तो आजारातून उठलेला, सदतीस वर्षांचा, पुन्हा खेळेल की नाही याची सगळ्या देशाला चिंता. युद्धानंतर लोकांना अन्न, वस्त्र, नोकरी यांच्या बरोबरीने एक गोष्ट पूर्वीसारखी परत हवी होती, ती म्हणजे ब्रॅडमनच्या धावा. पेपरने त्याच्या पायावर चेंडू मारला आणि अपील केले. पंच होता जॅक स्कॉट, स्वतः एके काळचा वेगवान गोलंदाज. त्याने ते फेटाळले. पेपर तोंडाचा मोकळा. तो काहीतरी बोलला. त्या बोलण्याच्या अनेक आवृत्त्या सांगितल्या जातात, आणि त्यांतली एकही दिवाळी अंकात छापण्याजोगी नाही. प्रकरण वर क्रिकेट मंडळाकडे गेले. पेपरला माफी मागावी लागली. त्याने ती लेखी मागितली. ते पत्र मंडळाच्या हाती पोचलेच नाही असेही सांगतात. ब्रॅडमनने त्या डावात ११२ धावा केल्या. काही आठवड्यांनी न्यूझीलंडच्या दौऱ्यासाठी संघ निवडला गेला. त्यात पेपर नव्हता.

धावफलकाची वही उघडून पाहिली तर या प्रसंगाचा मागमूस सापडत नाही. वहीत फक्त बाद लिहितात. नाबाद दिलेल्या अपिलाला तिथे रकाना नाही. पेपरने त्या वर्षी उबगून देश सोडला, इंग्लंडला गेला, आणि कसोटी न खेळताच त्याची कारकीर्द संपली. पहिल्या दर्जाचे ४४ सामने, १९२७ धावा, १७१ बळी. ऑस्ट्रेलियाकडून कसोटी न खेळलेला सर्वांत मोठा अष्टपैलू, असे त्याला त्याच्याबरोबर खेळलेल्या जाणत्यांनी म्हटले आहे.

माझा प्रश्न असा. या माणसावर अन्याय झाला का? आणि झाला असेल तर तो नेमका कोणत्या क्षणी झाला?

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? पंचाला उलट बोलला, शिक्षा झाली. पण जरा थांबा. तिथे दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. 'ब्रॅडमन बाद होता' हे एक म्हणणे. आणि ते म्हणताना तोंडातून निघालेला अपशब्द ही दुसरी गोष्ट. पहिले खरे असू शकते, खोटे असू शकते. ते पेपरचे मत आहे, आणि मताची माफी मागता येत नाही. अपशब्दाची मागता येते, मागावीही. अडचण अशी की ज्यांच्या हाती सत्ता असते त्यांना या दोन गोष्टी सुट्या केलेल्या चालत नाहीत.

आमच्या शाळेतली एक गोष्ट सांगतो. सातवीतल्या एका मुलावर खिडकीची काच फोडल्याचा आळ आला. त्याने फोडली नव्हती, निदान त्याचे म्हणणे तसे होते. आणि ते म्हणणे त्याने शिक्षकांना अशा भाषेत ऐकवले की वर्ग गार पडला. माफीची चिठ्ठी लिहून आण, असा हुकूम झाला. त्याने दोन वाक्ये लिहून आणली: काच मी फोडली नाही. सरांना वाईट बोललो त्याची माफी मागतो. चिठ्ठी परत आली. पहिले वाक्य काढून टाक म्हणून. मुलाने ते काढले नाही, आणि दुसरेही काढले नाही. दोन दिवस वर्गाबाहेर उभा राहिला; तिसऱ्या दिवशी सगळे विसरले आणि तो आत येऊन बसला. इतक्या वर्षांत मी शेकडो माफीच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत. 'पुन्हा असे करणार नाही' हे वाक्य तर मुले शुद्धलेखनासारखे घोटतात. पण माफी म्हणजे काय, हे ज्याला कळले होते असा तो एकच मुलगा मला भेटला.

मागून घेतलेली माफी ही माफी नसतेच. ती खंडणी असते. पेपरने लिहिलेल्या पत्रात पश्चात्ताप किती होता आणि कसोटीची आशा किती होती, हे कुणी तोलावे? पण खंडणीलाही एक धर्म असतो: ती घेतली की मुलूख लुटायचा नसतो. इथे पत्र मागितले, पत्र लिहिले गेले, आणि शिक्षा होती तशीच राहिली. माझ्या मते अन्यायाचा क्षण असलाच तर तो हा. मैदानावरचा नव्हे.

मैदानावर ब्रॅडमनने काही गैर केले असेही मला वाटत नाही. पायचीत असताना आपण होऊन निघून जावे असा फलंदाजाला कोणताही धर्म सांगत नाही. त्याला स्वतःला ते दिसतही नसते. पण तो त्या वेळी राष्ट्रीय निवड समितीवरही होता. ज्याच्याविरुद्ध अपील झाले तोच, महिन्या-दोन महिन्यांनी, अपील करणाऱ्याच्या भवितव्याचा निवाडा करणाऱ्यांपैकी एक. त्याने आकसाने काही केले, असे मी म्हणत नाही. म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण आमच्याकडे रामशास्त्र्यांची कथा अडीचशे वर्षे सांगतात ती कशासाठी? राघोबादादाला त्याच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले यासाठी तर खरीच. पण ज्या दरबारात न्यायासन आणि आरोपी एकाच गादीवर बसणार होते तिथे शास्त्रीबुवा थांबले नाहीत, हाही तिचा अर्धा भाग आहे. न्यायाधीश मनाने स्वच्छ असून भागत नाही. त्याची जागाही स्वच्छ लागते.

आणि थोरांच्या वाट्याला येणारा संशयाचा फायदा! १९४६च्या नोव्हेंबरात ब्रिस्बेनला, इंग्लंडविरुद्ध, ब्रॅडमन २८ धावांवर असताना त्याच्या बॅटीला लागून चेंडू जॅक आयकिनच्या हातात गेला. इंग्लंडच्या खेळाडूंना वाटले, स्वच्छ झेल. ब्रॅडमनला वाटले, चेंडू जमिनीला लागून उडाला. पंचांनी नाबाद दिले. ब्रॅडमनने १८७ केल्या. त्या दिवशी इंग्लंडचा कर्णधार वॉली हॅमंड ब्रॅडमनजवळून जाताना जे बोलला तेही काही ओवी-अभंग नव्हते. पण हॅमंडकडे कुणी लेखी माफी मागितल्याचे माझ्या वाचनात नाही. कर्णधाराचा अपशब्द हा इतिहासातला किस्सा होतो. साध्या खेळाडूचा अपशब्द हा शिस्तभंग होतो. हे फक्त क्रिकेटात होते असे नाही. आपल्या घरात थोरल्या काकांनी ताट भिरकावले तर 'त्यांचा स्वभावच तसा' म्हणतात, आणि धाकट्या सुनेच्या हातून वाटी जराशी आपटली गेली तर ती चार वर्षे आपटत राहते.

स्वभाव. हा शब्द आला की माझ्यातला कादंबरीकार जागा होतो आणि मास्तराशी भांडू लागतो. मास्तर म्हणतो, याने जीभ आवरली असती तर बिघडले काय असते? कादंबरीकार विचारतो, जीभ आवरणारा पेपर लॉर्ड्सवर शेवटच्या षटकात तसा खेळला असता का? ज्या बेदरकारीने चेंडू घरांवरून चौकात जातो, तीच बेदरकारी पंचापुढे तोंड उघडायला लावते. एकच मूळ, एकच रस, एका फांदीला फळ आणि दुसरीला काटा. आपल्याकडे म्हणतात, स्वभावाला औषध नाही. औषध दिले तर रोग जाईल आणि बहुधा रोगीही.

हा युक्तिवाद मला आवडतो, आणि म्हणूनच त्याच्यावर माझा पुरता विश्वास नाही. त्याच संघात कीथ मिलर होता. तोही कुणाची पत्रास न ठेवणारा. पण त्याला माणसाला हसवून उद्धट होता येत असे, आणि तो ५५ कसोट्या खेळला. कर्णधार लिंडसे हॅसेट तर विनोदाच्या बळावरच सर्वांना पुरून उरला. म्हणजे मिरे तिखट असते हे खरे असले तरी सगळे तिखट घशातच जाऊन बसते असे नाही. तरीही मिलरला खपले आणि पेपरला खपले नाही यात मिलरच्या देखणेपणाचा आणि लोकांच्या लाडकेपणाचा वाटा किती, हे मोजायला माझ्यापाशी तराजू नाही.

माफी मागून काय मिळते आणि न मागून काय मिळते, याची आणखी दोन उदाहरणे आहेत. सिड बार्न्स हा ऑस्ट्रेलियाचा पक्का कसोटी-सलामीवीर. १९५१-५२ साली निवड समितीने त्याला निवडले आणि क्रिकेट मंडळाने त्याचे नाव क्रिकेटबाह्य कारणासाठी खोडले. कारण काय, ते सांगितले नाही. पुढे एका गृहस्थाने वर्तमानपत्रात पत्र लिहिले, मंडळाने खोडले त्या अर्थी तसेच काही गंभीर असणार. बार्न्सने त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९५२ साली कोर्टात मंडळाची माणसे साक्षीला उभी राहिली आणि कारणे म्हणून जी बाहेर आली ती ऐकून लोक हसले. दावा बार्न्सच्या बाजूने मिटला. माफी त्याने मागितली नाही, उलट दुसऱ्याकडून घेतली. पण कसोटी तो पुन्हा कधीच खेळला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या लाला अमरनाथांचे. १९३३ साली मुंबईत भारताचे पहिले कसोटी शतक ठोकणारा हा बहाद्दर. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार विजयानगरमच्या महाराजकुमारांच्या संघातून, उद्धटपणाच्या आरोपावरून, पहिल्या कसोटीच्या आधीच त्याला बोटीने घरी पाठवले. मग मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांच्या समितीने चौकशी केली आणि १९३७च्या जानेवारीत त्याला निर्दोष ठरवले. निर्दोष ठरून मिळाले काय? लगेच काहीच नाही. युद्ध आले, पुढची कसोटी खेळायला १९४६ उजाडले. पण उजाडले. १९४७-४८ साली तोच अमरनाथ भारताचा कर्णधार होऊन ऑस्ट्रेलियाला गेला, आणि नाणेफेकीला समोर उभा होता डॉन ब्रॅडमन. १९४५च्या मालिकेत पेपरसमोर खेळलेल्या या माणसाला नियतीने उशिरा का होईना वाट दिली. पेपरला तिने ती दिली नाही. दोघांच्या तोंडाळपणात मला फारसा फरक दिसत नाही.

मग हे दैव म्हणायचे का? इथे मी जरा हट्टी आहे. दैव आणि अन्याय या दोन शब्दांची आपण फार सरमिसळ करतो. पद्माकर शिवलकर मुंबईसाठी आयुष्यभर डावखुरी फिरकी टाकत राहिले. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी न खेळता २०२५ साली गेले. त्यांच्या आड कुणाचा राग आला नव्हता. बिशनसिंग बेदी आला होता. तोही डावखुरा, तोही असामान्य, आणि संघात जागा एक. हे दैव. याबद्दल हळहळावे, पण कुणाकडे बोट दाखवता येत नाही. पेपरचे तसे नाही. त्याच्या वाटेत आली ती माणसे होती, आणि त्यांनी ठरवून एक नाव लिहिले नाही. दैवाचे दुःख माणूस गाण्यात घालून गातो. शिवलकरांनी तर ते खरोखरच गायले. अन्यायाचे दुःख गाता येत नाही. ते घशात राहते.

या साऱ्यात काळाने केलेली एक थट्टा सांगायची राहिली. न्यूझीलंडच्या ज्या दौऱ्यातून पेपर वगळला गेला, त्यात १९४६च्या मार्चमध्ये वेलिंग्टनला एक मोठा सामना झाला. यजमान ४२ आणि ५४ धावांत गारद झाले. दोन दिवसांत खेळ खलास. खेळणाऱ्या कुणालाही तेव्हा ती कसोटी आहे असे ठाऊक नव्हते. तो सामना, ज्याला आपण मघाशी म्हटले तसा, अनधिकृत होता. १९४८ साली त्याला मागाहून कसोटीचा दर्जा दिला गेला. केन मेलमन त्या सामन्यात शून्यावर बाद झाला आणि पुन्हा कधी कसोटी खेळला नाही; पण बसल्याजागी तो कसोटीवीर झाला. ब्रेबर्नवरच्या ९५ धावांना असा दर्जा कुणी दिला नाही. तोपर्यंत पेपर लँकेशरमधल्या गिरण्यांच्या गावांत धंदेवाईक म्हणून शनिवारचे सामने खेळत होता. आधी रॉचडेल, पुढे बर्नली. त्या लीगमधला हा मोठा लोभस प्रकार आहे. प्रत्येक क्लबला एकच पगारी परदेशी खेळाडू. पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांत टोपी फिरवून त्याच्यासाठी पैसे गोळा करायचे. आपले विजय हजारे, विनू मंकडही तिथे खेळून आले. दिवसभर सुताच्या धुळीत राबलेल्या माणसांना कसोटीवीर आणि बिगरकसोटीवीर यांत फरक करायला सवड नव्हती. चेंडू किती लांब जातो एवढेच ते पाहत. पेपर तिथे सुखी होता असे मला वाटते. निदान त्याच्या षटकारांची लांबी कमी झाली नाही.

आणि पुढे त्याने जे केले ते कादंबरीत लिहायला मी धजलो नसतो. समीक्षकांनी 'बेतलेले' म्हणून झोडपले असते. १९६४ साली हा माणूस इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये पंच झाला. पेपर! पांढरा कोट घालून, खिशात सहा खडे ठेवून, यष्ट्यांमागे. मास्तराला यात नवल वाटत नाही. वर्गातले सर्वांत दंगेखोर पोर मॉनिटर केले की वर्ग शांत होतो, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. कारण चोरवाटा त्यालाच माहीत असतात. पण पेपरला कुणी नेमून मॉनिटर केले नव्हते. तो आपल्या पायांनी त्या जागी जाऊन उभा राहिला. स्कॉट जिथे उभा होता, तिथे.

तिथे उभे राहिल्यावर त्याला काय दिसले असेल? आता यंत्र आले आहे. २००८ साली श्रीलंकेत आपल्याच संघाच्या मालिकेत त्याची पहिली चाचणी झाली. आज खेळाडू हातांनी खूण करून पंचाचा निकाल तपासून मागतो. ज्या कृत्यासाठी पेपर संघाबाहेर गेला ते आता नियमात लिहिलेले आहे, फक्त शब्दांऐवजी हातांनी करायचे. पण त्या यंत्रालाही मर्यादा आहे. चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जाणार असे दिसले की यंत्र हात वर करते आणि म्हणते, पंचाने जे सांगितले तेच राहू द्या. म्हणजे इतक्या कॅमेऱ्यांच्या शेवटीही एक अरुंद पट्टी उरतेच, जिथे खरे काय हे कुणालाच ठाऊक नसते आणि निकाल मात्र द्यावाच लागतो. पेपर सोळा मोसम त्या पट्टीवर उभा होता, यंत्राशिवाय. गोलंदाज त्याच्याकडे वळून ओरडत, आणि तो कधी बोट वर करी, कधी मान हलवी. त्याची जीभ तेव्हाही स्वस्थ नव्हती. खेळाडूंशी त्याची चालणारी शाब्दिक चकमक कौंटीत सर्वांना परिचयाची होती.

इंग्लंडमधल्या पंचांची कसोटी सामन्यांसाठी दर वर्षी वेगळी निवड होई. १९६४ पासून १९७९ पर्यंत त्या यादीत पेपरचे नाव एकदाही आले नाही. मग त्याने कोट उतरवला आणि लँकेशरमध्येच राहिला. तिथेच तो १९९३ साली वारला.